सोलवटलेला गुडघा: खपली धरू द्यायची की नाही?

सरावमास्तर

कृत्रिम गवतावर १२ ते १६ वयाच्या मुलामुलींचा फुटबॉल सराव असतो, आठवड्यातून चार दिवस. घसरून टॅकल केली की गुडघा, कोपर नाहीतर मांडीची बाहेरची बाजू सोलवटतेच. आत्तापर्यंतची पद्धत अशी: बाटलीतल्या पाण्याने धुवायचं, कापसाने अँटिसेप्टिक लावायचं, वर पावडर भुरभुरायची आणि जखम उघडी ठेवायची. वारं लागलं की सुकते, या हिशेबाने.

होतं असं, की तिसऱ्या दिवशी कडक खपली धरते. पुढच्या सरावात गुडघा वाकला की ती मधोमध तडकते, परत रक्त, परत पावडर. आठ-दहा दिवसांत भरायला हवी ती जखम तीन आठवडे रेंगाळते. गॉज बांधलं तर ते इतकं चिकटतं की काढताना निम्मी खपली सोबत येते.

नेमकं विचारायचंय ते हे: उघडी ठेवायची की झाकायची? न चिकटणारी पट्टी कोणती, आणि घामात ती टिकवायची कशी? अँटिसेप्टिक रोज लावायचं का? आणि कोणती जखम मैदानावरच निस्तरायची, कोणती डॉक्टरांकडे न्यायची?

पट्टीबंधन

झाकायची, आणि ओलसर ठेवायची. पावडर आजपासून बंद करा. ती जखमेतली लस, म्हणजे पाझरणारं चिकट पाणी, शोषून घेते आणि लस-पावडरचा मिळून जो थर होतो तो खपलीपेक्षाही कडक असतो. तुमच्या मुलांची जखम मधोमध तडकते ती बरीचशी त्यानेच.

खरचटतं तेव्हा वरची त्वचा जाते. ती बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढीच जाड असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून नुसतं घासलं तर पांढुरकं सोलतं आणि लस येते. टाचणीने टोचल्यासारखे रक्ताचे बारीक ठिपके दिसले तर घासणं खालच्या थराच्या माथ्यापर्यंत गेलं असं समजा. नवीन त्वचा फक्त कडेकडून येत नाही. केसांच्या मुळांत आणि घामाच्या ग्रंथींत तिच्या पेशी शिल्लक असतात, तिथूनही ती वर येते. चौथ्या-पाचव्या दिवशी जखमेच्या ऐन मध्ये गुलाबी, चकचकीत ठिपके दिसू लागतात ते हेच. पट्टी ओरबाडून काढली की सगळ्यात आधी हे ठिपके जातात.

या पेशी ओल्या पृष्ठभागावर सरकत पुढे जातात. वर कोरडी खपली असली तर त्यांना तिच्या खालून, जिथे ओल शिल्लक आहे तिथपर्यंत उतरून वाट काढावी लागते आणि वेळ जातो. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांच्या उथळ जखमांवर हे दाखवलं. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याखाली झाकलेल्या जखमांवर उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने त्वचा आली. पुढच्याच वर्षी माणसांच्या जखमांवरही तसंच दिसलं. तरी ‘वारं लागू दे’ काही जात नाही.

आता धुण्याबद्दल, कारण खरी मेहनत तिथेच आहे आणि तीच सगळे उरकून टाकतात. बाटलीतलं पाणी वरून ओतणं म्हणजे धुणं नव्हे.

आधी स्वतःचे हात साबणाने धुवा, हातमोजे असतील तर घाला. रक्त येत असेल तर स्वच्छ गॉजने सलग पाच मिनिटं दाबा, मध्येमध्ये उचलून बघू नका. मग पिण्यायोग्य पाण्याच्या नळाखाली जखम ५ ते १० मिनिटं धरा. गार किंवा कोमट चालेल, गरम नको. नळाचं स्वच्छ पाणी सलाइनपेक्षा कमी पडत नाही. मिठाचंच पाणी हवं असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, वजन करून. अंदाजाने टाकलं की जास्तच पडतं आणि झोंबतं.

धार चालू असतानाच, ओल्या गॉजने मधून बाहेर असं एकाच दिशेने पुसा. गोल गोल चोळलं तर कचरा जागच्या जागी फिरतो. प्रत्येक पुसण्याला गॉजची नवी घडी. कापूस वापरूच नका, त्याचे तंतू लशीत अडकून राहतात आणि तिथेच खपली धरते. आजूबाजूच्या त्वचेला साधा साबण लावा. जखमेवर थोडा गेला तर चरचरेल, बिघडत काही नाही.

कृत्रिम गवताच्या मैदानात एक वेगळी भानगड असते. त्यातले काळे रबरी दाणे आणि वाळू. दाणे दिसतात, वाळूचे बारीक कण दिसत नाहीत. उजेडात जखम तिरकी धरून बघा, कण चमकतो. स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने तो काढा. तरीही निघेना तर नवा, मऊ टूथब्रश ओला करून हलक्या हाताने फिरवा. हे दुखतं. मोठी जखम असेल तर अर्धा तास आधी वयाला व वजनाला योग्य त्या मात्रेत पॅरासिटामॉल द्या. पण पहिल्याच दिवशी कचरा काढा. वर त्वचा आली की आत राहिलेला कण गोंदणासारखा कायमचा निळा-काळा डाग होतो आणि मग तो लेझरने काढत बसावं लागतं. रस्त्यावरचं डांबर चिकटलं असेल तर पेट्रोलियम जेली चोळा, ते सैल होतं.

अँटिसेप्टिक रोज नको. हायड्रोजन पेरॉक्साइड तर अजिबात नको. तो फसफसतो त्याचा अर्थ जंतू मरतायत असा नाही. रक्तात आणि पेशींत कॅटॅलेज नावाचं विकर असतं, त्याच्याशी गाठ पडली की ऑक्सिजन सुटतो, एवढंच. स्वच्छ जखमही फसफसते. स्पिरिट आणि घट्ट आयोडिन जंतूंसोबत नव्या पेशीही मारतात. मातीची जखम असेल तर पहिल्या धुण्याच्या वेळी एकदा आयोडिन लावा, मिनिटभराने धुऊन टाका. दुसऱ्या दिवसापासून फक्त पाणी.

धुऊन झालं की जखम पुसू नका, टिपा. त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. जखम चकाकली की पुरे. वर न चिकटणारी पट्टी, वर गॉज, वर चिकटपट्टी. दिवसातून एकदा बदला. जेली ट्यूबमधली घ्या. डबीत दहा जणांची बोटं जातात.

डावा_विंग

धुण्याबद्दल वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. जेलीबद्दल मात्र खेळणाऱ्या मुलांपुरता आक्षेप आहे. जेली पसरते आणि चिकटपट्टीचा डिंक सोडवते. दहाव्या मिनिटाला पट्टी मोज्यात उतरलेली असते. सराव नसलेल्या दिवशी आणि रात्री जेली उत्तम. खेळताना हायड्रोकोलॉइड.

हायड्रोकोलॉइड म्हणजे फोडांसाठी मिळणारी ती जाडसर, रबरासारखी, त्वचेच्या रंगाची पट्टी. लस शोषून ती आतल्या आत जेल करते, त्यामुळे जखमेला चिकटत नाही, भोवतालच्या कोरड्या त्वचेला मात्र घट्ट धरते. बाहेरून पाणी आणि घाम आत जात नाही. मोठ्या चौकोनी तुकड्यात घ्या आणि मापाने कापा.

ती टिकत नाही असं म्हणणारे बहुतेक जण लावताना चुकतात:

जखमेच्या चारी बाजूंना किमान २ ते ३ सेंटिमीटर पट्टी जास्त हवी. ६ बाय ४ सेंटिमीटरच्या जखमेला साधारण ११ बाय ९ चा तुकडा. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा कपड्याला अडकतो आणि तिथूनच सोलायला सुरुवात होते. भोवतालची त्वचा पूर्ण कोरडी हवी. तेल, सनस्क्रीन, जेली यांचा अंशही नको. स्पिरिटने फक्त ती कड पुसा आणि वाळू द्या. केस असतील तर कात्रीने कापा, वस्तरा फिरवू नका, त्याने नवे ओरखडे होतात.

पट्टी लावण्याआधी दोन्ही तळव्यांत मिनिटभर धरून गरम करा. गुडघा थोडा वाकवलेला ठेवा, सरळ पायावर लावली तर पहिल्या धावेलाच कड उचकटते. मधून कडेकडे दाबत या, ताणू नका. लावल्यावर वर तळहात ठेवून परत मिनिटभर थांबा, उबेने डिंक धरतो. शेवटी चारी कडांवर कागदी चिकटपट्टीची चौकट. मांडीला हे सगळं सोपं जातं, गुडघ्याला कटकट आहे, कोपराला सगळ्यात जास्त. कोपरावर पट्टीच्या दोन बाजूंना १ सेंटिमीटरचे काप द्या, म्हणजे घडी नीट बसते.

तीन ते पाच दिवस काढायची नाही. कड सुटून जखमेपर्यंत वाट झाली किंवा बाहेर गळायला लागलं तरच बदला. रोज उचलून बघायचा मोह आवरा.

त्वचापुराण

हायड्रोकोलॉइड चांगलंच, पण मैदानावर पडल्यापडल्या लावू नका. ते हवाबंद असतं. आत माती राहिली असेल आणि तुम्ही पाच दिवस झाकून ठेवलं तर संसर्ग सुरू झालेला कळणारच नाही. पहिले २४ ते ४८ तास वर सांगितलेली जेली आणि न चिकटणारी पट्टी, रोज उघडून बघायचं. दोन दिवसांनी जखम स्वच्छ, लाल-गुलाबी आणि शांत दिसली तर मग हायड्रोकोलॉइड. खिळ्यासारखं काही खोल घुसलं असेल, चावा असेल, पू असेल, तिथे ते कधीच नको.

कृत्रिम गवताच्या जखमा हलक्यात घेऊ नका. अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघात २००३ मध्ये ५८ पैकी ५ खेळाडूंना औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूचा संसर्ग झाला, मिळून आठ वेळा, आणि प्रत्येक वेळी तो घासलेल्या जखमेच्या जागीच होता. तपासात आढळलं की एक टॉवेल तीन-तीन खेळाडू वापरत होते. तेव्हा प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, रेझर वेगळा, सरावानंतर लगेच साबणाने आंघोळ, आणि जखम झाकल्याशिवाय मैदानात पाऊल नाही. तसंही फुटबॉलच्या नियमांनुसार रक्त येत असलेल्या खेळाडूला बाहेर जावंच लागतं आणि रक्त थांबल्याची पंचाची खात्री झाल्यावरच परत येता येतं.

अँटिबायोटिक मलमाबद्दल कुणी विचारेलच म्हणून सांगतो. १९९६ मध्ये ९२२ रुग्णांवर बॅसिट्रॅसिन हे अँटिबायोटिक मलम आणि साधी पेट्रोलियम जेली यांची तुलना झाली. संसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता, आणि मलमाच्या गटात चौघांना त्वचेची ॲलर्जी झाली, जेलीच्या गटात कुणालाही नाही. अर्थात त्या शस्त्रक्रियेच्या, स्वच्छ जखमा होत्या. मातीच्या जखमेला तीच आकडेवारी जशीच्या तशी लावता येणार नाही. तरी नीट धुतलेल्या खरचटण्याला रोज मलमाची गरज नसते. निओमायसिनचं मलम लावल्यावर जखमेभोवती खाज, बारीक पुरळ आणि पट्टीच्या आकाराची लाली आली तर तो बहुधा संसर्ग नसून मलमाचीच ॲलर्जी असते. लोक अशा वेळी मलम अजून जास्त लावतात.

संसर्ग ओळखायचा तो दिशेवरून. पहिले दोन दिवस कडेला थोडी लाली, सूज, ऊब असणारच, ती भरण्याचीच खूण आहे. ४८ तासांनंतर दुखणं कमी व्हायला हवं. ते वाढलं, ठणका लागला, लाली पसरली तर गडबड आहे. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि वेळ लिहा. सहा-आठ तासांत लाली रेघेबाहेर गेली तर डॉक्टर. जखमेपासून वर जाणारी लाल रेघ, काखेत किंवा जांघेत गाठ, ताप, थंडी, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी, रेघा मारत बसू नका.

याशिवाय सरळ डॉक्टरांकडे: १५ मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त, जखमेत पिवळी चरबी दिसणं किंवा कडा उघडून दूर जाणं, न निघणारा कचरा, बोटांसकट तळहाताच्या आकाराहून मोठी जखम (मुलाचा स्वतःचा हात मोजायचा, तो अंगाच्या पृष्ठभागाच्या साधारण एक टक्का भरतो), डोळ्याजवळची जखम, सांधा हलवताना आत खोलवर दुखणं. मधुमेह असलेलं किंवा स्टेरॉइडवर असलेलं मूल असेल तर उंबरठा आणखी खाली आणा.

धनुर्वाताची नोंद मात्र आधीच करून ठेवा. मूळ डोस पूर्ण असतील तर मातीच्या जखमेला शेवटच्या इंजेक्शनला ५ वर्षं उलटली असली तर बूस्टर, स्वच्छ किरकोळ जखमेला १० वर्षं. डोस पूर्ण आहेत की नाहीत हेच माहीत नसेल तर डॉक्टरांना विचारा. प्रत्येक खरचटण्याला इंजेक्शन टोचून घेण्यात काही अर्थ नाही, आणि दोन दिवस उलटून गेले म्हणून आता उपयोग नाही, हेही खरं नाही.

सरावमास्तर

मनापासून आभार. दोन शंका. हायड्रोकोलॉइड एकदा वापरून बंद केलं होतं, कारण तिसऱ्या दिवशी खाली पिवळट-तपकिरी, घाण वासाचा पू साठलेला दिसला. तो पू नव्हता का? आणि न चिकटणारी पट्टी म्हणून जी मेणचट जाळी मिळते तीही दुसऱ्या दिवशी चिकटतेच, ते का?

पट्टीबंधन

तो बहुतेक जेलच होता. लस आणि पट्टीतला पदार्थ मिळून पिवळा-तपकिरी चिकट लगदा होतो आणि त्याला वासही येतो. पाण्याने धुऊन बघा. जेल सहज निघून जातो आणि खाली गुलाबी, न दुखणारी जखम दिसते. पू असेल तर धुतल्यावरही जखम मळकट राहते, कडा लाल, गरम आणि दाबल्यावर दुखऱ्या असतात, आणि थोड्या वेळात परत भरून येतं. वास धुतल्यावर गेला तर जेलचा, राहिला तर जखमेचा.

धुतल्यावर तळाशी पातळ पिवळट पापुद्रा राहिला तर तोही खरवडू नका. तो फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना तयार होणारं प्रथिन, असतो. ओल राहिली की आपोआप सुटतो.

आता जाळी. पॅराफिन गॉजला छिद्रं असतात. लस छिद्रांतून वर जाते, वरच्या गॉजमध्ये वाळते आणि खालची जखम, जाळी, वरचं गॉज असं सगळं एकत्र शिवल्यासारखं होतं. उपाय दोन. जाळीची दुहेरी घडी आणि तिच्याखाली जेलीचा थर, शिवाय रोज बदल. किंवा सिलिकॉनचा लेप असलेली जाळी, ती खरोखर चिकटत नाही आणि दोन-तीन दिवस राहू शकते, फक्त वरचं गॉज बदलायचं.

तरीही चिकटलंच तर ओढू नका. नळाखाली किंवा ओलं गॉज ठेवून दहा मिनिटं भिजवा. नंतर पट्टीचं टोक वर न उचलता जखमेला समांतर मागे दुमडत न्या आणि दुसऱ्या हाताने त्वचा दाबून धरा. अडलं की परत भिजवा.

उलटी चूकही होते. जेलीचा थर जाड आणि पट्टी दोन-दोन दिवस तशीच, मग कडेची चांगली त्वचा पांढरी पडते, सुरकुतते, धुणं धुतलेल्या बोटांसारखी. ओल जास्त झाली. जेली फक्त जखमेच्या आत लावा, कडेवर नको, आणि पट्टी दिवसातून दोनदा बदला.

डावा_विंग

जखमेवर लस येणं थांबलं, सगळीकडे गुलाबी, कोरडी, गुळगुळीत त्वचा दिसली की पट्टीचं काम संपलं. गुडघ्या-कोपराला ८ ते १४ दिवस धरा, चेहऱ्याला त्याहून कमी, नडगीला जास्त. पण ही नवी त्वचा आठवडाभर तरी कच्ची असते, त्याच जागी परत घसरलं तर एका घासण्यात निघून जाते. तेव्हा गोलरक्षकांना पट्टी सुटल्यावरही आठवडाभर पॅडवाली ढोपरपट्टी किंवा घोट्यापर्यंतची टाइट पँट द्या. टाइट पँट आधीपासूनच घालायला लावली तर निम्मा धागा लिहायची गरज पडली नसती, हेही आहेच.

त्वचापुराण

डागाबद्दल कुणी बोललं नाही. सावळ्या आणि गडद त्वचेवर खरचटल्याची जागा आधी गुलाबी, मग काळपट होते आणि काही महिने तशीच राहते. हा व्रण नव्हे, रंगद्रव्य जास्त तयार झाल्याने आलेला काळेपणा आहे. उन्हाने तो पक्का होतो. त्वचा पूर्ण भरल्यावर त्या जागी एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, दर दोन तासांनी, निदान सहा महिने. उघड्या जखमेवर सनस्क्रीन नको, तोवर कपडा किंवा पट्टीच पुरेशी. भरत असताना खाज सुटते तेव्हा खाजवण्याऐवजी तळहाताने दाबायचं, किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ मिनिट-दोन मिनिटं.

सरावमास्तर

शेवटचं. सध्या चार मुलांना जुन्या, पावडरच्या कडक खपल्या आहेत. त्या काढून नव्याने सुरुवात करायची का?

पट्टीबंधन

उचकटायच्या नाहीत. दोन वेळा पाच-पाच मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, टिपा, खपलीवर जेलीचा जाडसर थर (इथे जाड चालतो), वर न चिकटणारी पट्टी, रात्रभर. एक-दोन दिवसांत खपली चामड्यासारखी मऊ होते आणि कडेने सुटू लागते. सुटलेली कड छोट्या कात्रीने कापा, चिकटलेली राहू द्या. खाली गुलाबी आणि कोरडं असेल तर काम झालं. ओलं आणि स्वच्छ असेल तर हायड्रोकोलॉइड. पण खपली दाबल्यावर हलली आणि कडेने पू आला, तर भिजवणं वगैरे थांबवून त्या मुलाला आजच डॉक्टरांना दाखवा.